दोन्ही कीं दोहोंपैकीं एक ? : इंग्रजी व्याकरणांतील एक पाठ

इंग्रजी व्याकरणाचा तास म्हटला कीं वर्गांतील निम्म्या मुलांचीं तोंडें कडू होतात, हें आम्ही पुष्कळ वर्षें पाहत आलों आहों. नियम पाठ करावा, गाळलेल्या जागा भराव्या, गुण मिळवावे आणि परीक्षा संपतांच सर्व विसरून जावें, हा बहुतेकांचा क्रम. त्यांतही जोडीनें येणाऱ्या उभयान्वयी अव्ययांचा, म्हणजे 'बोथ… अँड', 'आयदर… ऑर', 'नायदर… नॉर', 'नॉट ओन्ली… बट ऑल्सो' यांचा पाठ आला कीं, 'येथें इज घालावें कीं आर ?' एवढाच प्रश्न उरतो. उत्तर बरोबर आलें म्हणजे विद्यार्थी सुटला आणि शिक्षकही सुटला. आम्हीही पुष्कळ वर्षें असेच सुटत होतों. परंतु एका प्रसंगानें आमचे डोळे उघडले. तो प्रसंग आधीं सांगून मग पाठाकडे वळूं.

शिरपूर जैन हें गांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. वाशीम जिल्ह्याच्या मालेगांव तालुक्यांतील हें गांव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळें दूरदूरच्या जैन यात्रेकरूंस परिचित आहे. त्या गांवचा एक मुलगा आमच्या हाताखालीं शिकत होता. बाप कोरडवाहू शेतकरी; घरांत इंग्रजी अक्षर ओळखणारा हा मुलगा एकटाच. पुढील शिक्षणासाठीं एका वसतिगृहांत जागा मिळावी म्हणून त्यानें अर्ज केला, व उत्तरादाखल एक इंग्रजी पत्रक घरीं आलें. त्यांत एक वाक्य होतें : 'आयदर द इन्कम सर्टिफिकेट ऑर द रेशन कार्ड इज रिक्वायर्ड.' मुलानें बापास अर्थ सांगितला : 'उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका, दोन्ही पाहिजेत.'

दिवस मृगाचे होते. दोन पाऊस चांगले होऊन जमिनीस वाफसा आला होता. तिफण दारांत तयार होती. तरी बाप तिफण तशीच ठेवून दाखल्यासाठीं मालेगांवास गेला. त्या दिवशीं काम झालें नाहीं, म्हणून दुसऱ्या दिवशीं पुन्हां गेला. तिसऱ्या दिवशीं पावसानें झड धरली आणि पेरणी आठ दिवस लांबली. शिधापत्रिका मात्र पहिल्या दिवसापासून घरच्या पेटींत पडलेली होती, आणि ती एकटी पुरेशी होती !

पुढें तो गृहस्थ आम्हांस भेटावयास आला, तेव्हां पत्रक आमच्या हातीं देऊन म्हणाला, "मास्तर, कागद इंग्रजीत व्हता. पोरानं सांगतलं का दोन्ही लागते, म्हून गेलो." त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, मुलगा इंग्रजी कागद वाचतो याचा अभिमानच होता. त्यामुळें आम्हांस अधिकच लाज वाटली. कारण हा मुलगा व्याकरणांत वर्गांत पहिला होता. त्याच वर्षींच्या परीक्षेंत 'आयदर… ऑर'च्या सर्व गाळलेल्या जागा त्यानें बिनचूक भरल्या होत्या. 'इज' कोठें घालावें हें त्यास येत होतें. 'इज' काय सांगतें हें आम्हीं त्यास शिकविलें नव्हतें.

त्या पत्रकांतील 'इज' हें एवढेंसें क्रियापद मोठ्यानें सांगत होतें कीं, एकच कागद पाहिजे. दोन्ही पाहिजे असते तर तेथें 'आर' आलें असतें. म्हणून या पाठांत आम्हांस सांगावयाचें आहे तें इतकेंच : जोड-अव्यय हें वाक्याचा करार ठरवितें, आणि क्रियापद हें त्या कराराचें साक्षीदार असतें. साक्षीदाराचें बोलणें ऐकावयास शिकलें म्हणजे नियम निराळे पाठ करावे लागत नाहींत.

१. जोडी म्हणजे काय ?

दोन शब्दांस किंवा दोन वाक्यांस जोडणारें जें अव्यय, तें उभयान्वयी अव्यय, हें तुम्ही मराठी व्याकरणांत शिकलां आहां. कांहीं अव्ययें एकटीं येतात. कांहीं मात्र जोतास जुंपलेल्या बैलजोडीप्रमाणें दोघें मिळूनच काम करितात. आपल्या मराठींत अशा जोड्यांस तोटा नाहीं : 'जर… तर', 'जरी… तरी', 'ना… ना', 'एक तर… नाहीं तर', 'केवळ… नव्हे तर… सुद्धां'. तेव्हां इंग्रजींतील जोड्या पाहून बिचकण्याचें कारण नाहीं.

या जोड्यांचे अर्थाच्या दृष्टीनें दोन गट पडतात, व त्यांचीं नांवेंही मराठी व्याकरणानें आपल्या हातीं दिलीं आहेत. पहिला गट समुच्चयबोधक. समुच्चय म्हणजे एकत्र करणें, बेरीज करणें. 'बोथ… अँड' ही जोडी या गटांतली. दुसरा गट विकल्पबोधक. विकल्प म्हणजे दोहोंपैकीं एकाची निवड. 'आयदर… ऑर' ही जोडी विकल्पाची. 'नायदर… नॉर' ही तिचीच नकारार्थी बहीण. ती एकेकास पुढें बोलावून दोघांसही 'नाहीं' म्हणते. या दोन्ही शब्दांच्या आरंभींचा 'न' हा आपल्या 'न', 'ना', 'नाहीं' यांतील 'न'चाच दूरचा भाऊबंद आहे. संस्कृत व इंग्रजी या भाषा मुळांत एकाच मोठ्या कुळांतल्या असल्यामुळें हें साम्य राहिलें आहे. एवढें ध्यानांत ठेविलें तरी 'नायदर'पुढें 'ऑर' लिहिण्याची चूक होणार नाहीं. एकीच्या तोंडीं 'न' असला तर दुसरीच्याही तोंडीं 'न' पाहिजे.

बेरीज कीं निवड, हा प्रश्न प्रथम विचारावा. क्रियापदाचा प्रश्न त्याच्या मागून येतो.

२. आपली मायबोली काय करिते ?

इंग्रजी व्याकरण शिकतांना मायबोली घराबाहेर ठेवावी, अशी कित्येकांची समजूत आहे. आम्हांस ती मान्य नाहीं. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनीं १८३६ सालीं, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, मराठी भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें, तेव्हां त्यांच्यापुढें इंग्रजी व्याकरणाचा आदर्श होता. पुढें मोरो केशव दामले यांचें 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ सालीं बाहेर आलें, व मराठीचे स्वतःचे नियम अधिक सूक्ष्म रीतीनें मांडले गेले. इंग्रजीच्या दिव्यानें एके काळीं मराठी पाहिली. आतां मराठीच्या दिव्यानें इंग्रजी पाहावयास हरकत कोणती?

घरांतलींच वाक्यें घ्या. 'भात किंवा भाकर उरली असेल.' 'भाकर किंवा भात उरला असेल.' पहिल्या वाक्यांत 'उरली' कां, व दुसऱ्यांत 'उरला' कां ? शेवटीं जें नाम आलें त्याच्या लिंगाप्रमाणें क्रियापद झुकलें. 'ना भात ना भाकर उरली' यांतही तेंच. 'तूं किंवा मी चुकलों असेन' यांत क्रियापद 'मी'कडे झुकलें. म्हणजे विकल्पांत क्रियापद जवळच्या कर्त्याचें ऐकतें, हा नियम तुम्हीं आईच्या मांडीवरच शिकला आहां.

आतां समुच्चय पाहा. माणसांविषयीं बोलतांना आपण म्हणतों, 'राम आणि गोविंद आले', 'आई आणि बाप आलीं'. येथें अनेकवचन आहे. परंतु निर्जीव वस्तूंविषयीं बोलतांना आपण सहज म्हणतों, 'मीठ आणि मिरची संपली', 'भात आणि भाकर उरली'. वस्तू दोन, तरी क्रियापद जवळच्या एकीप्रमाणें एकवचनी !

गोंधळाचें मूळ नेमकें येथें आहे. मराठीत जवळचा कर्ता विकल्पांतही चालतो आणि निर्जीवांच्या समुच्चयांतही पुष्कळदां चालतो. इंग्रजीत तो विकल्पांत चालतो. समुच्चयांत चालत नाहीं. म्हणून आमचा विद्यार्थी प्रथम 'सॉल्ट अँड चिली इज' असें लिहितो. शिक्षक रागावतात व सांगतात, 'दोन नांवें आलीं, आर घाल.' मग तो हा धडा इतका चांगला शिकतो कीं, 'नायदर… नॉर' आलें तरी दोन नांवें पाहून 'आर'च घालितो. पहिली चूक मराठीच्या संवयीची, दुसरी चूक अर्धवट शिकविलेल्या नियमाची. दोहोंवर उपाय एकच : नांवें मोजूं नयेत, बेरीज आहे कीं निवड आहे, तें पाहावें.

३. इंग्रजीचे नियम

नियम पहिला. 'बोथ… अँड' ही बेरीज आहे, म्हणून क्रियापद सदैव अनेकवचनी. 'बोथ द फादर अँड द सन आर इन द फील्ड', म्हणजे बाप व मुलगा दोघेही शेतांत आहेत. 'बोथ कॉटन अँड तूर ग्रो इन धिस सॉइल', म्हणजे कपाशी व तूर दोन्ही या जमिनींत पिकतात. येथें 'ग्रोज' लिहिणें चूक. 'ब्रेड अँड बटर इज' असें एकवचन इंग्रजीत कधीं कधीं आढळतें, कारण तेथें दोन वस्तू मिळून एकच पदार्थ मानिला जातो, जशी आपली भाजी-भाकर. पण 'बोथ' हा शब्द आला कीं ती मोकळीक संपली; 'बोथ' दोहोंस निरनिराळें मोजतो.

शिरपूरचेंच उदाहरण घ्यावयाचें तर : 'बोथ द श्वेतांबर्स अँड द दिगंबर्स होल्ड द टेंपल सेक्रेड.' अंतरिक्ष पार्श्वनाथाचें मंदिर श्वेतांबर व दिगंबर या दोन्ही जैन पंथांस पवित्र आहे. उभय पंथांनीं १९०५ सालीं पूजेच्या वेळा आपसांत वांटून घेतल्या होत्या. पुढें वाद न्यायालयांत गेला आणि १९२९ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत पोहोंचला. त्या वादाचा ऊहापोह करणें या पाठाचें काम नव्हे. परंतु जेथें दोन पक्ष असतात, तेथें 'दोघेही' व 'दोघांपैकीं एक' या शब्दांत किती अंतर असतें, हें शिरपूरच्या मुलांस निराळें सांगावयास नको. करारपत्र असो, निकालपत्र असो कीं वसतिगृहाचें पत्रक असो, माणसांचे हक्क व माणसांचे दिवस अशा लहान शब्दांवर अवलंबून असतात.

नियम दुसरा. 'आयदर… ऑर' किंवा 'नायदर… नॉर' यांनीं जोडलेले दोन्ही कर्ते एकवचनी असले तर क्रियापद एकवचनी. अकोला-पूर्णा लोहमार्गावरील वाशीम स्थानकीं उतरून शिरपुरास बसनें येणारा पाहुणा लिहितो : 'नायदर द ट्रेन नॉर द बस वॉज लेट.' गाडीस उशीर झाला नाहीं आणि बसलाही झाला नाहीं. येथें पुष्कळ विद्यार्थी 'वेअर' लिहितात, कारण मराठी अर्थ मनांत 'दोन्ही वेळेवर आल्या' असा उमटतो. अर्थ तसा निघतो हें खरें. पण वाक्य दोघींस एकत्र करीत नाहीं. तें गाडीस एकटीस विचारतें, 'तूं उशिरा आलीस काय ?' मग बसला एकटीस विचारतें. विचारणा एकेकीची, म्हणून क्रियापद एकवचनी.

नियम तिसरा. एक कर्ता एकवचनी व दुसरा अनेकवचनी असला तर क्रियापद जवळच्या कर्त्याचें ऐकतें. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ति भूमीस वा भिंतीस न टेकतां अधांतरी आहे अशी भाविकांची श्रद्धा असून, 'अंतरिक्ष' हें नांवही त्यावरूनच पडलें आहे. ही श्रद्धा इंग्रजीत सांगूं लागलें कीं हाच नियम हातीं येतो : 'नायदर द फ्लोअर नॉर द वॉल्स सपोर्ट द इमेज.' ना भूमीचा, ना भिंतींचा मूर्तीस आधार. 'वॉल्स' अनेकवचनी व क्रियापदाजवळ, म्हणून 'सपोर्ट'. आतां क्रम फिरवूं : 'नायदर द वॉल्स नॉर द फ्लोअर सपोर्ट्स द इमेज.' 'फ्लोअर' एकवचनी व जवळ, म्हणून 'सपोर्ट्स'. दोन्ही वाक्यें शुद्ध आहेत. तरी लिहितांना अनेकवचनी कर्ता शेवटीं ठेवावा, असा चांगल्या लेखकांचा कल असतो. कारण मग 'आर', 'वेअर', 'हॅव्ह' हीं कानास खटकत नाहींत.

प्रश्नार्थक वाक्यांत क्रियापद आधीं येतें. तेथें जवळचा कर्ता म्हणजे पहिला कर्ता : 'वॉज आयदर द मास्टर ऑर द बॉइज प्रेझेंट ?' नियम बदलला नाहीं; क्रियापदानें जागा बदलली, म्हणून त्याचा शेजारी बदलला.

नियम चौथा. कर्ते निरनिराळ्या पुरुषांचे असले तरी जवळच्या कर्त्याप्रमाणें चालावें : 'नायदर माय फादर नॉर आय ॲम एबल टु पे द फी.' माझे वडील किंवा मी, कोणीही फी भरण्यास समर्थ नाहीं. येथें एक शिष्टाचारही शिकण्यासारखा आहे. मराठींत आपण 'मी आणि माझा भाऊ' असें म्हणतों. त्यांत उद्धटपणा नाहीं. इंग्रजीत मात्र स्वतःस शेवटीं ठेवण्याची रीत आहे : 'माय ब्रदर अँड आय'. त्यामुळें विकल्पाच्या वाक्यांत 'आय' बहुधा क्रियापदाच्या शेजारींच येऊन बसतो व 'ॲम' घालावें लागतें. 'आयदर यू ऑर आय ॲम राँग' हें कानास जड वाटलें, तर वाक्य मोकळें करावें : 'आयदर यू आर राँग, ऑर आय ॲम.' जड शुद्ध वाक्यापेक्षां सोपें शुद्ध वाक्य केव्हांही बरें.

नियम पांचवा. 'नॉट ओन्ली… बट ऑल्सो' ही जोडी अर्थानें बेरजेसारखी दिसते, परंतु क्रियापद जवळच्याच कर्त्याचें घेते, कारण सर्व जोर शेवटच्या कर्त्यावर पडतो : 'नॉट ओन्ली द रिव्हर बट ऑल्सो द वेल्स हॅव्ह ड्राइड अप.' केवळ नदीच नव्हे, तर विहिरीसुद्धां आटल्या आहेत. 'नॉट ओन्ली द वेल्स बट ऑल्सो द रिव्हर हॅज ड्राइड अप.' केवळ विहिरीच नव्हे, तर नदीसुद्धां आटली आहे. मराठी वाक्यांतही क्रियापद शेवटच्या नामाप्रमाणेंच 'आटल्या' किंवा 'आटली' झालें आहे, तें पाहा.

याच्या उलट 'ॲज वेल ॲज' या शब्दांचा स्वभाव आहे. तेथें जोर पहिल्या कर्त्यावर असतो : 'द टीचर, ॲज वेल ॲज द बॉइज, वॉज प्रेझेंट.' मुलांसह शिक्षक हजर होते. मुख्य वार्ता शिक्षकांची, म्हणून 'वॉज'. तसेंच 'आयदर ऑफ द बॉइज' व 'नायदर ऑफ द बॉइज' यांपुढें शुद्ध लेखनांत एकवचनच घालावें, कारण अर्थ 'दोघांपैकीं एक' व 'दोघांपैकीं एकही नाहीं' असा आहे. 'बॉइज' या अनेकवचनास भुलूं नये.

येथें एक सावधगिरीची सूचना. 'मस्ट', 'शॅल', 'मे' या क्रियापदांस व 'केम', 'सेंट' अशा भूतकाळी रूपांस वचन नसतें. 'आयदर द इन्कम सर्टिफिकेट ऑर द रेशन कार्ड मस्ट बी सेंट' असें लिहिलें असतें, तर क्रियापदानें साक्ष दिली नसती. अशा वेळीं अव्ययाकडेच दुप्पट लक्ष द्यावें लागतें.

४. जोडीच्या जागा

तराजूच्या दोन पारड्यांत सारखें वजन ठेवावें, तसे जोड-अव्ययांच्या दोन शब्दांपुढें सारख्याच जातीचे शब्द ठेवावे. 'ही नॉट ओन्ली स्पीक्स मराठी बट ऑल्सो इंग्लिश' या वाक्यांत एका पारड्यांत क्रियापद व दुसऱ्यांत नाम आहे, तराजू कलला. 'ही स्पीक्स नॉट ओन्ली मराठी बट ऑल्सो इंग्लिश' असें लिहावें. आतां दोन्ही पारड्यांत भाषांचीं नांवें आहेत. 'शी इज बोथ क्लेव्हर अँड वर्क्स हार्ड' यांतही तोच दोष. 'शी इज बोथ क्लेव्हर अँड इंडस्ट्रियस' म्हणावें, म्हणजे विशेषणासमोर विशेषण येईल.

५. नेहमींच्या चुका

मराठीत 'जरी… तरी' ही जोडी आहे, म्हणून विद्यार्थी 'दो ही वॉज इल, बट ही केम' असें लिहितो. 'दो' आलें कीं 'बट' नको. 'दो ही वॉज इल, ही केम' एवढें पुरे; फार तर 'बट'च्या जागीं 'येट' घालावें. 'बोथ'ची जोडी 'अँड'शीं. 'बोथ राम ॲज वेल ॲज गोविंद' ही जोडी लागत नाहीं. 'नो सूनर'ची जोडी 'दॅन'शीं, 'व्हेन'शीं नव्हे : 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द बॉइज रॅन आउट.' 'हार्डली' व 'स्केअर्सली' यांची जोडी मात्र 'व्हेन'शीं.

सर्वांत घातक चूक ही : मराठींत 'दोघेही आले नाहींत' याचा अर्थ स्वच्छ आहे, कोणीच आलें नाहीं. त्याचें शब्दशः भाषांतर 'बोथ डिड नॉट कम' असें मुलें करितात. इंग्रजी वाचणारा मनुष्य येथें घोटाळतो. 'दोघे आले नाहींत, मग एक तरी आला काय?' असें त्यास वाटूं शकतें. म्हणावयाचें असतें तें 'नायदर केम' असें आहे. 'बोथ' व 'नॉट' एका वाक्यांत भेटले कीं थांबावें, आणि 'नायदर' चालेल काय तें पाहावें.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आमच्याकडील कित्येक पिढ्यांनीं इंग्रजी शिकतांना हात बसविला. मराठी वाक्य वाचावें, तें मनांत मुरवावें, मग इंग्रजी करावें. आणि इंग्रजी वाक्य पुन्हां मराठींत आणून पाहावें, ही त्या मार्गाची खूण. गाळलेल्या जागा भरण्यानें हात चालतो. भाषांतरानें डोकें चालतें.

६. अभ्यास

पुढील वाक्यांत योग्य क्रियापद घाला, आणि प्रत्येक वाक्याचा मराठी अर्थ लिहा. अर्थ लिहिला नाहीं तर उत्तर अर्धें समजावें.

(१) नायदर द कॉटन नॉर द तूर… बीन सोल्ड. हॅज कीं हॅव्ह ?
(२) बोथ माय सिस्टर अँड आय… फ्रॉम शिरपूर. ॲम कीं आर ?
(३) नायदर माय ब्रदर्स नॉर आय… ॲब्सेंट. वॉज कीं वेअर ?
(४) नॉट ओन्ली द बुलक्स बट ऑल्सो द कार्ट… सोल्ड. वॉज कीं वेअर ?
(५) आयदर ऑफ द टू रोड्स… टु द टेंपल. लीड कीं लीड्स ?
(६) आयदर द गार्डियन ऑर द पेरेंट्स… टु साइन द फॉर्म. इज कीं आर ?
(७) पुढील सूचना वाचून सांगा : 'बोथ द फी अँड द फॉर्म आर टु बी सेंट बाय मंडे. आयदर द फादर ऑर द मदर इज टु साइन.' किती वस्तू पाठवावयाच्या, आणि किती सह्या पाहिजेत ?

उत्तरें. पहिल्यांत 'हॅज', कारण निवड असून दोन्ही कर्ते एकवचनी. दुसऱ्यांत 'आर', कारण बेरीज आहे. 'आय' जवळ असला तरी बेरजेपुढें त्याचें चालत नाहीं. तिसऱ्यांत 'वॉज', कारण 'आय' जवळ आहे. चौथ्यांतही 'वॉज', कारण गाडी एक आहे व तीच जवळ आहे. पांचव्यांत 'लीड्स', दोन वाटांपैकीं कोणतीही एक धरा, देवळास पोहोंचाल. सहाव्यांत 'आर', कारण 'पेरेंट्स' जवळ आहेत. सातव्यांत वस्तू दोन, सही एक. ज्यानें दोन सह्या सांगितल्या, त्यानें घरीं दुसऱ्या पालकाचें एक दिवसाचें काम बुडविलें असें समजावें !

पालकांस विनंति

आमच्या पुष्कळ घरांत इंग्रजी वाचणारें मूल हें पहिलेंच असतें. बँकेचा कागद, औषधाच्या बाटलीवरील सूचना, शाळेचें पत्रक, सर्व त्याच्यापुढें येतें. व तें जें सांगेल त्यावर वडील माणसें विश्वासानें पाऊल टाकितात. हा विश्वास मोठा आहे; त्या मानानें मुलाचें वय लहान आहे. तेव्हां पालकांनीं इंग्रजी येत नसलें तरी एक प्रश्न अवश्य विचारावा : 'बाळा, यांतलें एक पुरे कीं दोन्ही पाहिजेत ? आणि तें तूं कोणत्या शब्दावरून म्हणतोस ?' मुलास शब्द दाखवितां आला तर निर्धास्त असावें. दाखवितां आला नाहीं तर त्यास रागावूं नये. कागद घेऊन शिक्षकाकडे पाठवावें. आमच्यापैकीं कोणीही शिक्षक त्या कामास कंटाळणार नाहीं.

शिरपूरच्या त्या मुलास आम्हीं पुढें तेंच पत्रक समोर ठेवून हा पाठ पुन्हां पहिल्यापासून शिकविला. गुण देण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून त्याचें मन मोकळें होतें. 'इज' या शब्दावर बोट ठेवून तो बराच वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, "सर, हें इथंच होतं." खरोखर, तें तेथेंच होतें. आतां कोणताही इंग्रजी कागद हातीं आला कीं तो प्रथम अव्यय शोधतो, मग क्रियापदावर बोट ठेवतो, आणि त्यानंतरच बापास अर्थ सांगतो. विद्यार्थिमित्रहो, तुम्हीही तसेंच करावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.